ऑफिसचे व्हॉट्सॲप ग्रुप आणि मेल किती दिवस ठेवायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरातल्या छोट्या-मध्यम ऑफिसांचा मेल, नेटवर्क आणि बॅकअप सांभाळणं हा माझा धंदा. हिंगणा एमआयडीसीतले वर्कशॉप, वाडीचे ट्रान्सपोर्टवाले, रामदासपेठेतली सीए मंडळींची ऑफिसं, परसोडीच्या आयटी पार्कातल्या दोन-तीन कंपन्या. सगळीकडून एकच फोन येतो: "भाऊ, मेल भरला, ग्रुपही भरले, पुसू का?" मग त्यामागून पाच-सात प्रश्न निघतात. ते जसे विचारले गेले तसेच खाली ठेवलेत. मी वकील नाही. कायद्याचे आकडे आपल्या सीएला आणि वकिलाला दाखवून पक्के करून घ्या.

आम्ही काहीच पुसत नाही. म्हणजे 'सगळं ठेवायचं' हेच आमचं धोरण झालं ना?

तुम्ही पुसत नसाल, पण पुसलं जातंच. फोनची जागा संपली की 'सुप्रभात'च्या फोटोंसोबत डिलिव्हरी चलानाचा फोटोही उडतो. नोकरी सोडणारा माणूस शेवटच्या दिवशी मेलबॉक्स साफ करून जातो, वर 'जागा करून दिली' असं सांगतो. होस्टिंगचे पैसे भरायचे राहतात आणि चार वर्षांचा पत्रव्यवहार एका रात्रीत जातो. ह्या प्रत्येकात निर्णय कोणीतरी घेतलेला असतो. तो तुम्ही घेतलेला नसतो, एवढंच.

धोरण म्हणजे चार ओळींचा मामला: काय कुठे राहील, किती दिवस राहील, कोण पुसेल आणि पुसणं कधी थांबवायचं. हे आधी लिहून ठेवलेलं असावं. भांडण झाल्यावर लिहिलं तर त्याला कोणी धोरण म्हणत नाही.

आम्ही दहा-बारा जण. एवढ्याशा ऑफिसला हे कशाला?

इतवारीतल्या जुन्या पेढ्यांना हे कधी शिकवावं लागलं नाही. दिवसभराचं रोजमेळात, तिथून खतावणीत. चिठ्ठीवर खरडलेलं संध्याकाळी वहीत उतरलं की चिठ्ठी फेकली तरी चालायची. आपण ग्रुप आणि मेल आले तेव्हा चिठ्ठी आणि वही एकत्र कालवली. ऑर्डर ग्रुपवर, भाव ग्रुपवर, 'साहेब, पार्टी दोन टक्के सूट मागते' हे ग्रुपवर, त्यावर साहेबांचा अंगठा आणि त्याखाली कोणाच्या तरी बाळाचं बारसं.

म्हणून मी दिवसांचा आकडा विचारायच्या आधी एक प्रश्न विचारतो: तुमचा पक्का निर्णय कुठे राहतो? उत्तर 'ग्रुपवर' असेल तर आकडा कोणताही घ्या, फसणार. आधी नियम हा करा की ग्रुपवर ठरलेला भाव, तारीख, सूट, मंजुरी त्याच दिवशी मेलवर उतरली पाहिजे. 'आज दुपारी ग्रुपवर ठरल्याप्रमाणे' अशी दोन ओळींची मेल पुरते. एकदा ही सवय लागली की ग्रुप नव्वद दिवसांत पुसला तरी झोप उडत नाही. पुढची सगळी उत्तरं हे गृहीत धरूनच दिली आहेत.

('कच्चं-पक्कं' म्हटलं की आपल्याकडे लोक भलतंच समजतात. मी बिलाबद्दल बोलत नाहीये.)

जागा स्वस्त आहे. कायमचं ठेवलं तर काय बिघडलं?

तीन गोष्टी बिघडतात. पहिली, सापडत नाही. सव्वा लाख मेलमधून २०१९ ची एक पर्चेस ऑर्डर शोधायला लावा म्हणजे कळेल. दुसरी, चोराला जास्त मिळतं. एका माणसाचा पासवर्ड फुटला की त्याच्या मेलबॉक्समधली दहा वर्षांची आधार कार्डं, पॅन कार्डं, रद्द केलेले धनादेश आणि पगारपत्रकं एकदम जातात. तिसरी, जे ठेवलंय ते कोर्टात मागितलं तर द्यावं लागतं, त्यात तुमच्या फायद्याचंही आलं आणि तोट्याचंही.

कायद्याने किती वर्षं ठेवायचं, तो आकडा सांगा.

'मेल इतकी वर्षं ठेवा' असा सरसकट एक आकडा नाही. मेल आणि चॅट हे डबे आहेत. मुदत ठरते ती आत काय आहे त्यावरून.

कंपनी असेल तर कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२८ प्रमाणे हिशेबाची पुस्तकं आणि त्यांची व्हाउचरं मागच्या ८ आर्थिक वर्षांची हवीत. जीएसटीत कलम ३६ आहे: त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने. लोक हे ७२ महिने मार्चपासून मोजतात आणि चुकतात. २०२२-२३ चं उदाहरण घ्या. वार्षिक विवरणपत्राची शेवटची तारीख ३१ डिसेंबर २०२३, म्हणून कागद ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत. अपील किंवा चौकशी चालू असेल तर ते मिटल्यावर आणखी एक वर्ष, आणि ह्या दोन्हींत जे उशिरा येईल ते धरायचं.

उधारी वसुलीच्या दाव्याला मुदत कायदा १९६३ प्रमाणे साधारण ३ वर्षं मिळतात. त्यात समोरच्याने मुदतीच्या आत सहीनिशी लेखी कबुली दिली तर ३ वर्षं नव्याने मोजली जातात. मेलवरची कबुली सहीची धरायची का, यावर वकील वाद घालू शकतात. पण वाद घालायला आधी ती मेल हातात हवी.

लघुउद्योगवाल्यांनी, म्हणजे हिंगणा-बुटीबोरीच्या बहुतेक मंडळींनी, आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २००६ च्या एमएसएमई कायद्यात माल पोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही तर माल स्वीकारला असं धरतात. करारात काही लिहिलं असलं तरी पैसे ४५ दिवसांच्या पुढे लांबवता येत नाहीत, आणि लांबवले तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. आता ती डिलिव्हरीची तारीख कुठे असते? ड्रायव्हरने गेटवर काढलेल्या फोटोत. 'माल मिळाला, उतरवतोय' हे कुठे असतं? ग्रुपवर. त्या ग्रुपला कोणी चोवीस तासांची मुदत लावून ठेवली असेल तर तिप्पट व्याजाची बात विसरा.

कायदे आणि माझा अनुभव एकत्र करून मी साधारण असं लावतो. हिशेब, खरेदी, विक्रीच्या मेलबॉक्सना ८ वर्षं पूर्ण होऊन वर एक. ग्राहकाच्या कामाचा पत्रव्यवहार शेवटचा पैसा आल्यापासून ४ वर्षं. बाकी सर्वसाधारण मेल ३ वर्षं. ज्यांना नोकरी दिली नाही त्यांचे बायोडाटा ६ महिने. ग्रुपवरची बोलाचाल ९० दिवस. कारखान्यात अपघात, विमा दावा, जमिनीचा व्यवहार असलं काही असेल तर ती फाइल वेगळी काढायची आणि वकील म्हणेल तोवर ठेवायची.

१८० दिवसांचा काहीतरी नियम आहे म्हणे?

तो लॉगचा. सर्ट-इनने, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने, २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांप्रमाणे संगणक यंत्रणांचे लॉग मागच्या १८० दिवसांचे जपावे लागतात आणि सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. लॉग म्हणजे कोण कधी कुठून आत आलं याची नोंद. मेलच्या मजकुराशी त्याचा संबंध नाही. दोन्ही एकत्र करून 'आमचं धोरण १८० दिवसांचं' असं लिहिलेली पानं मी पाहिली आहेत.

व्हॉट्सॲपवरचं कोर्टात चालतं का? नसेल तर ठेवायचं कशाला?

चालतं. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका वसुली प्रकरणात व्हॉट्सॲपवर पीडीएफ म्हणून पाठवलेली नोटीस पोचली आणि उघडली गेली असं मान्य केलं होतं, निळ्या खुणांवरून.

पण 'चालतं' आणि 'मी स्क्रीनशॉट छापून आणला, तो चालेल' यात फरक आहे. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं. आधी ते पुरावा कायद्याच्या कलम ६५ब मध्ये होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे. ह्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा गाजलेला निकाल आपल्याच राज्यातल्या, जालना विधानसभेच्या २०१४ च्या निवडणुकीवरून निघालेला. मूळ उपकरणच कोर्टात हजर केलं तर गोष्ट वेगळी, नाहीतर प्रमाणपत्र हवंच, असं त्यात ठरलं. नव्या कायद्यातल्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक तुमचा, एक तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलची हॅश किंमतही लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा समजा. आत एक स्वल्पविराम बदलला तरी अंगठा बदलतो.

याचा धोरणाशी संबंध असा: महत्त्वाची चॅट त्या-त्या वेळीच बाहेर काढून, हॅश काढून, तारखेनिशी ठेवली तर चार वर्षांनी प्रमाणपत्रावर सही करणाऱ्याचा हात थरथरत नाही. व्हॉट्सॲपमधून चॅट निर्यात करता येते, पण शेवटचे काही हजार संदेशच येतात. दोन वर्षं चाललेला ग्रुप एका दमात निघत नाही. दर तिमाहीला काढा.

ग्रुपचा ॲडमिन मी आहे. कोणी काही टाकलं तर मी अडकतो का?

हा निकाल तर इथलाच आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात सांगितलं की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी निव्वळ ॲडमिन आहे म्हणून कोणाला जबाबदार धरता येत नाही, आधीच संगनमत असेल तर सोडून. हे फौजदारी जबाबदारीबद्दल झालं. ऑफिसच्या ग्रुपवर काही घडलं आणि मालकाने काहीच केलं नाही, हा प्रश्न वेगळा.

व्हॉट्सॲप ग्रुपला मुदत लावायची कशी?

ग्रुपच्या माहितीत 'गायब होणारे संदेश' आहे. पर्याय तीनच: २४ तास, ७ दिवस, ९० दिवस. १८० किंवा ३६५ लावता येत नाही. मुदत लावल्यापासून पुढच्या संदेशांनाच ती लागते, जुने तसेच राहतात. आणि ग्रुपच्या परवानग्या न बदलल्यास कोणताही सदस्य ही मुदत बदलू शकतो. सेटिंग्ज फक्त ॲडमिनला बदलता येतील असं आधी करा. वाडीच्या एका ऑफिसात एका ड्रायव्हरने चुकून सात दिवस करून ठेवले होते. 'जुनी चलानं काहून दिसत नाही?' असं मुनीमजी विचारायला लागले तेव्हा दीड महिना उलटून गेला होता.

फोटो गॅलरीत आपोआप उतरत असतील तर संदेश गायब झाला तरी फोटो तिथेच राहतो. कोणी आधीच पुढे पाठवला असेल तर तोही राहतो. म्हणजे व्हॉट्सॲपची मुदत ही पुसण्याची हमी नाही, ठेवण्याची तर नाहीच. कंपनीच्या हातात इथे फारसं काही नसतं.

फोन कर्मचाऱ्याचा, सिम त्याचं, ग्राहक आमचा. तो सोडून गेला की?

की ग्राहकाची सगळी बोलणी त्याच्या खिशात. माझ्या ओळखीच्या एका फर्मचा विक्री प्रतिनिधी सहा वर्षं वणी-चंद्रपूरकडचा भाग बघायचा. तो गेला तेव्हा ऑफिसकडे त्याचं नाव असलेल्या दोन मेल निघाल्या, दोन्ही रजेच्या. भाव, उधारीच्या तारखा, कोणाला किती सूट, सगळं त्याच्या स्वतःच्या नंबरवर. त्याचं काही चुकलं असंही म्हणता येत नाही. त्याला दुसरं काही दिलंच नव्हतं.

उपाय खर्चाचा वाटतो, पण नाही: विक्री आणि डिस्पॅचसाठी कंपनीच्या नावावरचे सिम, त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस, आणि सोडताना सिम परत. ज्याला हे नको त्याने ग्राहकांशी बोलायला कंपनीचा मेल किंवा कंपनीचं चॅट वापरावं. कर्मचाऱ्याच्या खासगी फोनवर हात घालून 'दाखव बरं चॅट' करू नका. तो हक्क तुम्हाला नाही, आणि त्याने माणसं दुखावतात ते वेगळं.

आम्ही गूगल वर्कस्पेसवर आहोत. तिथे काय करायचं?

आधी प्लॅन बघा. जतनाचे नियम 'व्हॉल्ट' नावाच्या भागात असतात आणि तो बिझनेस प्लसपासून वरच्या प्लॅनमध्ये येतो. स्टार्टर आणि स्टँडर्डमध्ये तो नाही. तिथे कचरापेटीचे ३० दिवस आणि त्यानंतर ॲडमिनला परत आणायला २५ दिवस, बस.

व्हॉल्टबद्दल एक माझंच सांगतो. एका गिऱ्हाईकाच्या खात्यात मला चॅटसाठी १८० दिवसांचा नियम लावायचा होता. मे महिना, कूलरचं पाणी संपलेलं, आणि मी सेवा निवडताना चॅटऐवजी जीमेल निवडलं. 'मुदत संपल्यावर पुसा' वर खूण केली, सेव्ह केलं, चहा प्यायला गेलो. व्हॉल्ट नियम लावल्याबरोबर कामाला लागतो, रात्रीची वाट बघत नाही. १८० दिवसांपूर्वीचे मेल मागूनही परत आले नाहीत. त्या फर्मला वाचवलं ते त्यांच्या अकाउंटंट काकूंनी. त्या प्रत्येक पर्चेस ऑर्डर छापून, पंच करून बॉक्स फाइलला लावायच्या. आम्ही सगळे त्यांना हसायचो. त्या अकरा फाइली स्कॅन करायला मी स्वखर्चाने माणूस बसवला.

तेव्हापासून माझा नियम: पुसण्याचा नियम आधी एकट्या चाचणी खात्याच्या गटावर लावायचा, आठवडाभर बघायचा, मग बाकीच्यांवर. आणि त्या क्षणी दुसरा माणूस पडद्याकडे बघत बसलेला हवा.

दोन बारीक गोष्टी. गूगल चॅटमध्ये 'इतिहास' बंद असेल तर संदेश २४ तासांत जातात, म्हणून ॲडमिनमधून तो चालू ठेवून कुलूप लावा. आणि गेलेल्या माणसाचं खातं घाईने उडवू नका. २० दिवसांनंतर ते परत येत नाही, आणि खात्यासोबत व्हॉल्टमधलंही जातं. आधी त्याला 'संग्रहित वापरकर्ता' (आर्काइव्ह्ड युजर) करा किंवा मेल दुसरीकडे उतरवून घ्या.

आणि मायक्रोसॉफ्ट टीम्स?

नियम पर्व्ह्यूमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या व्हॉल्टसारख्या भागात, लावायचे. चॅटचे वेगळे, चॅनलचे वेगळे, मेलबॉक्सचे वेगळे. एक लावला म्हणजे तिन्ही लागले असं होत नाही. मुदत संपल्या क्षणी संदेश जात नाही, पूर्ण जायला पंधरवडा लागू शकतो, तेव्हा 'अजून दिसतोय' म्हणून दुसऱ्या दिवशी फोन करू नका. दोन नियम भिडले तर ठेवणारा जिंकतो, आणि दोन ठेवणाऱ्यांत जास्त मुदतीचा. हा क्रम मला आवडतो. चूक झालीच तर ठेवण्याच्या बाजूला होते.

आमचा मेल होस्टिंगवाल्याकडे आहे, आउटलुकमध्ये उतरतो.

निम्म्या नागपूरची हीच गत. पॉप पद्धतीने मेल एका संगणकावर उतरतो, सर्व्हरवरून जातो, आणि पूर्ण व्यवहार एका पीएसटी फाइलमध्ये बसतो. ती फाइल ५० जीबीकडे गेली की लंगडायला लागते, आणि हार्ड डिस्क गेली की विषय संपला. इथे आधी आयमॅपवर, म्हणजे मेल सर्व्हरवरच राहतो त्या पद्धतीवर, या, जुन्या पीएसटी एका जागी गोळा करून त्यांच्या दोन प्रती ठेवा. धोरण वगैरे नंतर.

नोटीस आली आहे. धोरणाप्रमाणे पुसायची तारीख पुढच्या आठवड्यात आहे. पुसू?

अजिबात नाही. वकिलाची नोटीस, कर खात्याचं पत्र, पोलिसांचा फोन, कामगाराची तक्रार, किंवा वाद होणार हे तुम्हाला स्पष्ट दिसायला लागणं, ह्यांपैकी काहीही झालं की त्या विषयाचं पुसणं त्याच दिवशी थांबतं. आपोआप पुसणारे नियमही थांबवायचे. व्हॉल्टमध्ये आणि पर्व्ह्यूमध्ये त्यासाठी 'होल्ड' असतो. व्हॉट्सॲपवर नसतो, म्हणून तिथे मुदत बंद करून चॅट ताबडतोब निर्यात करायची.

पुरावा म्हणून मागितला जाऊ नये यासाठी इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद. 'धोरणात लिहिलं होतं' ही ढाल इथे कामी येत नाही. अमेरिकेत एन्रॉनचं प्रकरण उघडकीला येत असताना त्यांच्या ऑडिटर फर्ममध्ये, ऑक्टोबर २००१ मध्ये, आपल्या कागदपत्र धोरणाची आठवण करून देणारी मेल फिरली आणि कागद यंत्रात जायला लागले. २००२ मध्ये ती फर्म दोषी ठरली. २००५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला, पण तोवर फर्म उरलीच नव्हती. वर्षभर कपाटात पडलेलं धोरण नोटिशीनंतरच कसं आठवलं, हे विचारणारा कोणीतरी भेटतोच.

होल्ड लावल्यावर कोणी लावला, कधी, कशासाठी हे एका वहीत लिहा. आणि उठवतानाही लिहा. लावलेला होल्ड विसरून गेलेली फर्म मी पाहिली आहे. वाद मिटून पाच वर्षं झाली तरी मेलबॉक्स वाढतच होता.

कामाच्या जागी लैंगिक छळाची तक्रार ग्रुपवरच्या संदेशावरून झाली तर?

दहा किंवा अधिक माणसांच्या ऑफिसात अंतर्गत समिती असावीच लागते. २०१३ च्या कायद्याप्रमाणे तक्रारीला घटनेपासून ३ महिने मिळतात आणि कारण पटलं तर समिती आणखी ३ महिने वाढवू शकते. आता ग्रुपची ९० दिवसांची मुदत यासमोर ठेवून बघा. ती बाई धीर करून लिहायला बसेल तोवर संदेश गेलेला असेल. म्हणून समितीच्या माहितीपत्रकातच लिहून द्या: असा संदेश आला तर लगेच स्क्रीनशॉट घ्या, तारीख आणि नंबर दिसू द्या, जमल्यास चॅट निर्यात करून समितीच्या मेलवर पाठवा, तक्रार नंतर केली तरी चालेल. समितीचा मेलबॉक्स वेगळा असावा. मालक, एचआर आणि माझ्यासारखा मेलवाला, कोणालाच तो उघडता येऊ नये.

बॅकअपमध्ये राहिलंच, मग पुसलं म्हणायचं का?

म्हणायचं नाही. बॅकअपलाही मुदत हवी. मी १३ महिन्यांचा बॅकअप ठेवून जुना फिरवत जातो, आणि धोरणात सरळ लिहितो की पुसलेली गोष्ट बॅकअपमधून जायला १३ महिने लागू शकतात.

ग्रुपवर सगळ्यांचे आधार कार्डाचे फोटो आहेत.

हे आधी काढा, बाकी नंतर. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि बहुतेक जबाबदाऱ्यांना नियम आल्यापासून १८ महिन्यांचा अवधी दिलेला आहे. त्याचा गाभा एका वाक्यात: ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपलं आणि दुसऱ्या कायद्याने ठेवायला सांगितलेलं नसेल, तर ती पुसायची. सांभाळण्यात हयगय झाल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. चहाच्या ग्रुपवर टाकलेलं आधार कार्ड कोणत्या कामासाठी ठेवलंय, ह्याचं उत्तर मला अजून कोणी देऊ शकलेलं नाही. ओळखपत्रं एचआरच्या एका बंद फोल्डरमध्ये, बस.

धोरण कोणत्या भाषेत लिहायचं? नमुना आहे का?

ज्यांना पाळायचंय त्यांच्या भाषेत. वकिली इंग्रजीतलं चौदा पानी धोरण डिस्पॅचच्या माणसाने वाचल्याचं मी पाहिलेलं नाही. हिंगण्याच्या एका वर्कशॉपात मी हे एक पान भिंतीला लावलंय, टाइमपंच मशीनच्या शेजारी:

"ग्रुपवर ठरलेला भाव, तारीख, सूट, मंजुरी त्याच दिवशी मेलवर टाकावी. मेलवर नसेल तर ठरलं नाही असं समजलं जाईल.
कामाचे ग्रुप ९० दिवसांनी आपोआप पुसले जातात. मुदत फक्त ॲडमिन बदलेल.
चलान, गेटपास, मालाचे फोटो त्याच दिवशी कंपनीच्या ड्राइव्हमध्ये टाकावेत.
आधार, पॅन, बँकेचे कागद ग्रुपवर टाकू नयेत. दिसल्यास ॲडमिन काढून टाकेल.
हिशेब, खरेदी, विक्रीचे मेल ९ वर्षं. बाकीचे ३ वर्षं.
'थांबा' अशी सूचना आली की त्या विषयाचं काहीही पुसू नये. शंका असेल तर पुसू नये, विचारावं.
नोकरी सोडताना सिम, मेलचा पासवर्ड आणि चालू कामांची यादी ऑफिसात द्यावी."

खाली मालकांची सही आणि तारीख. सही महत्त्वाची, कारण पहिला नियम सगळ्यात जास्त वेळा तेच मोडतात. मेलवर नाही म्हणून एकदा त्यांचीच सूट नामंजूर झाली, तेव्हापासून पोरं ते पान वाचायला लागली.

हाताने साफसफाई कधी करायची?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी अर्धं नागपूर 'घेऊन जा गे मारबत' करत रस्त्यावर असतं, ऑफिसं तशीही ओस. मी त्या आठवड्यात माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या जुन्या ग्रुपची यादी काढतो. 'दिवाळी पार्टी २०१८', 'नवीन मशीन', 'नवीन मशीन २', 'टेम्पररी'. आधी विचारतो: यात पक्कं काही आहे? असेल तर निर्यात, नसेल तर उडवा. होल्डची वही समोर उघडी ठेवून. एका ऑफिसला साधारण अर्धा दिवस लागतो.

पुसलेल्याची नोंद ठेवायची का? पुसलं ते पुसलं ना.

ठेवायची. कोणता मेलबॉक्स किंवा ग्रुप, कोणत्या तारखेपर्यंतचं, कोणी पुसलं, होल्ड तपासला का. एवढे चार रकाने. मजकूर लिहायचा नाही, नाहीतर पुसून काय मिळवलं?